सिम नसलेला जुना फोन फक्त वायफायवर बाबांना वापरायला द्यायचाय, काय काय अडतं?

सायली_वाचते
नमस्कार मंडळी. मी नवीन फोन घेतला, सिम त्यात टाकलं आणि जुना तसाच ड्रॉवरमध्ये पडून होता. अँड्रॉइड ९ आहे, ३ जीबी रॅम, स्क्रीनवर एक ओरखडा नाही. बाबा ७८ वर्षांचे, गुडघ्यांमुळे आता फारसे बाहेर पडत नाहीत, त्यांच्याकडे साधा बटणाचा फोन आहे आणि तो त्यांना सोडायचा नाहीये कारण त्याची बटणं बोटांना पाठ झालीयत. पण नातीशी व्हिडिओवर बोलायचं, जुनी गाणी ऐकायची, बातम्या मोठ्या अक्षरात वाचायच्या एवढं त्यांना हवंय, आणि त्यासाठी वेगळं सिम आणि रिचार्ज नकोय, घरात वायफाय आहेच. दोन दिवस देऊन बघितला तर नुसता पडून असला तरी संध्याकाळपर्यंत बॅटरी संपते, वर सारखं सिम नाही सिम नाही असं दाखवतो आणि बाबांना वाटतं आपल्याच हातून काहीतरी बिघडलं. दिवसभर चार्जरला लावूनच ठेवला तर चालेल का? ज्यांनी घरी असं केलंय त्यांनी सांगा प्लीज.

तारयंत्र
आधी एअरप्लेन मोड चालू करा आणि मग त्यातच वायफाय परत ऑन करा, ब्लूटूथ हवं असेल तर तेही. बॅटरी बहुतेक तिथेच जातेय. सिम काढलं तरी फोन टॉवर शोधायचं थांबवत नाही, इमर्जन्सी कॉल लावता यावा म्हणून तो नेटवर्क बघतच राहतो, आणि सिग्नल कमी असेल तिथे जास्तच जोर लावतो. एअरप्लेन मोडमध्ये तो भाग बंद पडतो, सिमची ती सूचनाही बऱ्याच फोनवर जाते. वेळ टॉवरवरून मिळाली नाही तरी इंटरनेटवरून मिळते, फक्त तारीख वेळ ऑटोमॅटिकवर ठेवा, घड्याळ चुकलं की वेबसाइट सर्टिफिकेटच्या (साइट खरी असल्याच्या डिजिटल दाखल्याच्या) नावाने अडतात आणि कारण लवकर लक्षात येत नाही. एक गैरसमज मात्र आधीच काढून टाका, वायफाय कॉलिंग म्हणून जे सेटिंग दिसतं ते सिमशिवाय चालत नाही, ते मोबाईल कंपनीचंच कॉलिंग असतं फक्त वायफायवरून जाणारं.

सोल्डर_आणि_स्क्रू
चार्जरबद्दल मी कळकळीने सांगतो, २४ तास लावून ठेवू नका. मी एक जुना फोन कॅमेरा म्हणून खिडकीत उभा करून ठेवला होता, कायम १०० टक्के आणि वर दुपारचं ऊन, साधारण वर्षभराने बघतो तर स्क्रीन एका बाजूने वर उचललेली, आतली बॅटरी फुगलेली. लिथियम बॅटरीला पूर्ण भरलेलं राहणं आणि उष्णता या दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत, आत गॅस तयार होतो. फोनमध्ये चार्जिंग ८० किंवा ८५ टक्क्यांवर थांबवायचं सेटिंग असेल तर ते लावा, इतक्या जुन्या फोनमध्ये बहुतेक नसेल, मग टायमरवाला प्लग घ्या आणि रोज ठराविक वेळच वीज जाऊ द्या. २० ते ८० च्या मध्ये राहिला तरी खूप झालं. देण्याआधी फोन सपाट टेबलावर ठेवून बघा, गरगर फिरला किंवा मागचं कव्हर फुगीर लागलं तर तो वापरूच नका, चार्जिंग बंद करा, टोचू दाबू नका आणि ई-कचऱ्यात द्या. उशीखाली ठेवून चार्जिंग अजिबात नको, हे बाबांना नक्की सांगा.

निशिगंध
वरचं सगळं बरोबर आहे पण खरी गुंतागुंत अकाउंटची असते. फोन रीसेट करणार असाल तर आधी तुमचं गूगल अकाउंट सेटिंगमधून काढा, ५.१ पासून अँड्रॉइडमध्ये अशी सोय आहे की अकाउंट न काढता रिकव्हरी मेनूमधून (फोन बंद करून बटणं दाबून उघडतो तो) रीसेट केलं तर फोन परत जुनंच अकाउंट मागतो. आणि त्याच्याही आधी बघा की त्या फोनवर ऑथेंटिकेटर ॲप (लॉगिनला पासवर्डनंतरचा कोड देणारं) होतं का, ते दर ३० सेकंदांनी बदलणारे कोड फोनमध्येच साठवलेल्या गुपितावरून बनतात, ते नवीन फोनवर न हलवता रीसेट केलंत आणि बॅकअपही नसला तर स्वतःच्याच अकाउंटबाहेर राहाल.
व्हॉट्सॲप तुमच्या नंबरचं लिंक करून देऊ नका, तुमचे सगळे मेसेज त्यांना दिसतील आणि तुमच्या नावाने उत्तरं जातील. बाबांच्या बटणाच्या फोनचा नंबर आहे ना, तोच टाका, कोड एसएमएसने त्या फोनवर येईल, तो इकडे टाईप करायचा. पण काही ठिकाणी मेसेजिंग ॲपसाठी सिम त्याच फोनमध्ये हवं असे नियम येताहेत, म्हणून सगळं त्याच्यावर सोडू नका, ईमेलवर चालणारं एखादं व्हिडिओ ॲपही बसवून ठेवा, गूगल मीट वगैरे. बँकेचं काही मात्र या फोनवर नकोच, सिक्युरिटी अपडेट बंद झालेला फोन आहे. क्रोमसुद्धा आवृत्ती १३८ च्या पुढे अँड्रॉइड ९ वर जात नाही, ब्राउझर म्हणून फायरफॉक्स टाका.

सायली_वाचते
खूप खूप आभार सगळ्यांचे. एअरप्लेन मोडने कमाल केली, काल सकाळी ९० टक्के होता, रात्री ६४. कव्हरही सपाट आहे. ऑथेंटिकेटरचं वाचून धस्स झालं, माझ्या ऑफिसच्या ईमेलचा कोड खरंच तिथेच होता, आधी तो हलवला आणि मगच रीसेट केलं. आता दोनच अडचणी राहिल्यात. नात कॉल करते तेव्हा फोन वाजतच नाही, स्क्रीन उघडली की मिस्ड कॉल दिसतो. आणि बाबांची खोली शेवटची, तिथे व्हिडिओ अडकतो.

तारयंत्र
न वाजणं म्हणजे फोन ॲपला झोपवतोय. सेटिंगमध्ये बॅटरी ऑप्टिमायझेशन शोधा आणि त्या व्हिडिओ ॲपला त्यातून वगळा, काही कंपन्यांच्या फोनमध्ये ऑटोस्टार्ट म्हणून अजून एक वेगळं बटण असतं तेही द्या. वायफाय ॲडव्हान्स्डमध्ये झोपेतही वायफाय चालू ठेवायचा पर्याय दिसला तर तो ऑन. खोलीसाठी बघा की फोन ५ गिगाहर्ट्झवर जोडलाय का, ते वेगवान असतं पण भिंतींमध्ये लवकर दमतं, २.४ वाल्या नावाला जोडून बघा. राउटरवर नुसतं डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेचा नवा प्रकार) लावलेलं असेल तर जुने फोन जोडलेच जात नाहीत, पण तुमचा जोडतोय म्हणजे तो प्रश्न नाही.

निशिगंध
अजून एक, स्क्रीन पिनिंग चालू करा म्हणजे एकच ॲप समोर धरून ठेवता येतं, बोट चुकून लागलं तरी बाबा दुसरीकडे भरकटत नाहीत. आणि तो बटणाचा फोन चार्ज करून हाताशीच असू द्या. सिमशिवाय इमर्जन्सी कॉल लागेल असं धरून चालू नका, जर्मनीत २००९ पासून त्यासाठी सिम लागतंच, प्रत्येक देशाचं वेगळं आहे, आणि रात्री वीज गेली तर राउटरही गेला, म्हणजे हा फोन तेव्हा मुका.

सायली_वाचते
वाजला! २.४ ला जोडला, ॲप वगळलं आणि आज दुपारी पहिल्यांदा बाबांनी स्वतः कॉल उचलला, चाळीस मिनिटं बोलत होते, मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. बटणाचा फोन उशाशीच ठेवलाय, त्याचं चार्जिंग मी रोज रात्री बघेन. टायमरचा प्लग उद्या आणते, आधी दीड तासावर लावून बघते आणि सकाळी किती टक्के भरतो ते इथे लिहिते.