मदत हवी आहे: चित्रातली माणसं एकत्र बसल्यासारखी वाटत नाहीयेत

नमस्कार मंडळी, कॅनव्हासवर अॅक्रिलिकमधे घरचंच चित्र काढतेय, आई, मावशी आणि आजी गच्चीवर कुरडया घालतायत. चेहरे बऱ्यापैकी जमलेत पण तिघी वेगवेगळ्या फोटोंमधून घेतल्या त्यामुळे उजेड प्रत्येकीवर वेगळ्या बाजूने येतोय आणि सगळ्या कापून चिकटवल्यासारख्या दिसतात. बोलतायत, हसतायत असं वाटतच नाही हो!

चित्रकार मेरी कसाटचं १८९३ चं 'द चाइल्ड्स बाथ' हे चित्र बघितलं, त्यात आई नि मुलगी दोघीही खाली पाण्यातल्या पायाकडेच बघतायत, डोकी जवळजवळ टेकलेली, आणि बघणारा वरून बघतोय. म्हणजे नजर आणि हात यांनीच सगळं बांधलंय, हसरे चेहरे लागतच नाहीत.

तर मी पण तिघींची नजर सोऱ्याकडे वळवू का? आणि उजेडाचं काय, बर्न्ट सिएनाचा (तांबूस तपकिरी रंगाचा) पातळ वॉश सगळ्यावर एकदम फिरवला तर रंग एकत्र येतील का नुसतं मळकट होईल? अॅक्रिलिक पटकन वाळतं म्हणून कडा सॉफ्ट करायला रिटार्डर (रंग हळू वाळावा म्हणून त्यात मिसळतात ते) वापरता का कोणी, किती घालायचं? "फोटो बाजूला ठेव" सोडून काहीही सुचवा, आजी आता मॉडेल म्हणून बसणार नाही, तिला झोप येते 😄