छोट्या मिररलेस कॅमेऱ्यावर ३५ एमएम लेन्स: एफ/१.४ की एफ/२?

तिरीप
फुजीफिल्मच्या दोन्ही ३५ एमएम लेन्स मी वर्षभर आलटून पालटून वापरल्या. २०१२ची एफ/१.४ आणि २०१५ची एफ/२ (एफचा आकडा लहान, तितकं लेन्सचं छिद्र म्हणजे ॲपर्चर मोठं आणि प्रकाश जास्त). माझं मत स्पष्ट आहे: छोट्या बॉडीवर एफ/२च लावावी. वजनात फारसा फरक नाही, १८७ आणि १७० ग्रॅम. फरक पडतो तो फोकसमध्ये. १.४मध्ये काचांचा अख्खा संच पुढेमागे सरकतो, त्यामुळे शांत खोलीत घरघर ऐकू येते आणि उजेड कमी झाला की लेन्स हंट करत, म्हणजे फोकस शोधत, बसते. एफ/२मध्ये हलक्या काचा आतल्या आत सरकतात, कसलाच आवाज नाही. शिवाय धूळ-पावसाची धास्ती कमी. एका स्टॉपसाठी एवढं का सोडायचं?

कंदील
"एका स्टॉपसाठी" म्हणताय, पण एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश! माझी मुलगी टेबललॅम्पखाली चित्र रंगवत असते. तिचा हात सतत हलता, म्हणून शटर १/१२५ सेकंदापेक्षा संथ करता येत नाही. एफ/२ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे वाढतात) ६४०० लागतो, १.४ला ३२०० पुरतो. ६४००वर तिच्या कानामागच्या बटा एकमेकींत मिसळून जातात, ३२००वर केस न् केस सुटा दिसतो. आणि स्टॅबिलायझेशनचं कुणी सांगू नका. माझा हात हलला तर ते सावरून घेईल, तिचा हलता हात कसा थांबवणार?

चौकट
दोघांनाही एक सांगतो. उजेडासाठी मोठं ॲपर्चर घेत असाल तर कंदील यांचं बरोबर आहे. पण धूसर पार्श्वभूमीसाठी घेत असाल तर आधी सेन्सर बघा. मायक्रो फोर थर्ड्स या छोट्या सेन्सरवर २५ एमएम एफ/१.४ लावली तर एक्स्पोजर १.४चंच मिळतं, धूसरपणा मात्र फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरवरच्या ५० एमएम एफ/२.८इतकाच.
मी स्वतः पॅनासॉनिकची २० एमएम एफ/१.७ वापरतो. २००९ची, जेमतेम १०० ग्रॅमची. फोकस संथ आहे, मान्य. पण कॅमेरा जॅकेटच्या खिशात मावतो, म्हणून तो सोबत असतो.

तिरीप
कंदील, हलत्या हाताचा मुद्दा मान्य. पण जवळून फोटो काढताना १.४वर काय होतं तेही बघा. ७० सेंटीमीटरवर फोकसची पट्टी सुमारे दोन सेंटीमीटरची. मूल जरा मागे सरकलं की पापणी शार्प आणि डोळा मऊ. त्यात फोकस संथ. माझे अर्ध्याहून जास्त फोटो असेच गेले. नॉइज, म्हणजे ते दाणे, नंतर कमी करता येतो, हुकलेल्या फोकसचं काय करणार?

कंदील
म्हणून मी एक फोकस पॉइंट डोळ्यावर ठेवते आणि तीन-चार फ्रेम घेते. फ्रेम वाया जातात, जाऊ देत. आणि एफ/२च्या रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइलमधलं डिस्टॉर्शन करेक्शन एकदा बंद करून बघा, सरळ कडा फुगलेल्या दिसतील. तिथे सरळपणा सॉफ्टवेअर आणतं. १.४मध्ये ते काम बहुतांशी काचच करते. घरघर मी सहन करीन, १.४ देणार नाही.

तिरीप
करेक्शननंतरचा फोटो सरळ असेल तर मला पुरे. पाऊस सुरू झाल्यावर तुमची १.४ बॅगेत जाते. माझी एफ/२ तेव्हाही बाहेरच असते, आणि माझे आवडते फोटो तेव्हाचेच आहेत.