हिशेबाची वही

वर्षाला ५२ पुस्तकांचे लक्ष्य ठेवले की बागकाम किंवा पेटीचा रियाज म्हणजे वेळेचा अपव्यय वाटू लागतो, असे निरीक्षण एकाने मांडले आणि ते मला पटते. मात्र त्यावर त्याने सुचवलेला, प्रत्येक छंदाला ठरावीक तास वाटून देण्याचा उपाय पटत नाही, कारण त्यातही हिशेब उरतोच.

पाचगणीजवळचे भिलार २०१७ मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ झाले. तिथे गावकऱ्यांच्या घरांत मांडलेली पुस्तके तिथेच बसून विनामूल्य वाचायची असतात, त्यामुळे पुस्तक संपवण्याची अपेक्षाच नसते. पक्षी पाहायला त्या भागात गेलो असताना मी एका ओसरीवर जेमतेम चार कविता वाचल्या आणि बुलबुलाचा आवाज ऐकून पुस्तक मिटून उठलो. परतल्यावर वाचलेल्या पुस्तकांची नोंदवही मी बंद केली.