मदत हवी आहे: केए पासिंगची जुनी मस्टँग घ्यावी का?

नमस्कार मंडळी. पुण्यात एका डीलरकडे 2017 ची फोर्ड मस्टँग जीटी बघितली. 5 लिटरचा व्ही8. आवाज ऐकूनच निम्मा सौदा झाला म्हणा! मीटर 14 हजार किलोमीटर दाखवतो, पण मागचे टायर 2021 चे आणि ब्रेक पेडलचं रबर पार गुळगुळीत. एवढं इंजिन टायर खातं हे मान्य, पण पेडलचं काय? मीटर मागे फिरवलाय की काय? गाडी कर्नाटकातली. डीलर म्हणतो, ‘एनओसीचं आम्ही बघतो, तुम्ही टोकन द्या.’ मला आधी फॉर्म 28, म्हणजे कर्नाटक आरटीओची ती एनओसी (ना हरकत दाखला), हातात हवाय, आणि इथला रोड टॅक्स कोण भरणार तेही लेखी. जास्त मागतोय का मी? फोर्डने 2021 मध्ये भारतातलं गाड्यांचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. मस्टँगवाले पार्ट कुठून मागवतात? आणि लिफ्टवर चढवून, स्कॅनर लावून तपासणारा खात्रीचा मेकॅनिक पिंपरी-चिंचवडकडे कुणाच्या ओळखीचा आहे का?