मदत हवी आहे: वाफेने भाजलंय, कोरफड लावू का?

काल सकाळी मोदकपात्राचं झाकण उचलताना वाफ थेट मनगटावर आली. रुपयाच्या नाण्याएवढा फोड आलाय, आत पाणी दिसतंय. बांगड्या काढून लगेच नळाखाली हात धरला, चांगली 20 मिनिटं. तोवर सासूबाई टूथपेस्टची ट्यूब घेऊन उभ्याच! त्याने आग वाढते म्हणत कसंबसं टाळलं. बर्फही नको म्हटलं, कातडीला आणखी इजा होते.

फोड फोडलेला नाही. पण कुर्त्याची बाही घासते, आजूबाजूची लाल कातडी चुरचुरते आणि रात्री खाज सुटते. कोथरूडच्या आमच्या गॅलरीत कोरफड आहे. फोड सोडून नुसत्या लाल भागावर गर लावला तर चालेल का? पान कापल्यावर येणारा पिवळा चीक खाजतो, तो धुऊन काढेनच. शेजारच्या काकू तूप-हळद म्हणतात, मला ते काही पटत नाही.

आणि पट्टी सैल बांधू की उघडंच ठेवू? ऑफिसला पीएमपीने जाते, गर्दीत धक्का लागतोच. पू किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जाईनच. स्वतः करून पाहिलेलं तेवढंच सांगा, प्लीज.