अनुभव धागा: माळ जपणाऱ्या, गाव सांभाळणाऱ्या ख्रिस्ती आज्या

गास, वसई

गेल्या महिन्यात आजीची वर्षाची मिस्सा (वर्षश्राद्धाची चर्चमधली उपासना) झाली. आलेल्यांपैकी निम्मी माणसं मला ओळखू येईनात. एक बाई म्हणाल्या, "माझ्या दोन्ही बाळंतपणांना तुझी आजी उशाशी होती." घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. म्हणून हा धागा.

आजी भाजी विकायला दादरला जायची. पहाटेची गाडी, लाल लुगडं, डोक्यावर पाटी. गाडी वसई रोडहून सुटली की माळ हातात. खाडीचा पूल जाईपर्यंत रोजरीचं, म्हणजे माळेवरच्या प्रार्थनेचं, पाचांपैकी दुसरं रहस्य (टप्पा), बोरिवलीच्या आत पाचवं संपलेलं. मग दादरपर्यंत नुसती नावं. कुणाचा नवरा पितो, कुणाची सून आठव्या महिन्यात आहे, कुणाच्या विहिरीचं पाणी खारं झालं. ही प्रार्थना की यादी, मला कळायचं नाही, कारण संध्याकाळी परतल्यावर ती त्याच क्रमानं त्या घरांत जायची.

संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत क्रुसावर मारले गेले आणि 1862 साली संत म्हणून जाहीर झाले. आजीला सनावळीशी देणंघेणं नव्हतं. तिच्या लेखी तो परदेशी गेलेला नि परत न आलेला शेजारचा पोरगा. सणाच्या दिवशी हमखास विचारायची, "त्याच्या आईला कुणी कळवलं असेल का रे?"

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) मिस्सा मराठीत आली, त्यावर तिची एक तक्रार होती: "लॅटिनमध्ये चुकलं तर फक्त देवाला कळायचं, आता शेजारणीलाही कळतं." आणि वसईची हिरवाई वाचवायच्या 'हरित वसई' चळवळीच्या मोर्च्यांत तिचे नेते फादर दिब्रिटो यांचं भाषण चालू असताना आजी पाण्याच्या कळशीपाशी. ऐकलं किती, पाजलं किती, देव जाणे.

तुम्हीही लिहा. गोडगोडच लिहायला हवं असं नाही.

कोर्लई, रायगड

आमच्याकडे घरात पोर्तुगीजातून आलेली बोली चालते. आम्ही तिला 'नो लिंग' म्हणतो, म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीज 1740 साली इथून गेले, बोली राहिली. आजी बाजारात मराठी, चुलीपाशी नो लिंग. वादळाची चाहूल लागली की दारात उभी राहून पुटपुटायची, होड्या किनाऱ्याला लागेपर्यंत आत यायची नाही. स्वतःच्या घरची होडी कधीच विकली होती, तरी.

रत्नागिरी

आम्ही प्रॉटेस्टंट, त्यामुळे माळ नाही, बायबल आणि टाळ. ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आमच्याच जिल्ह्यातल्या करजगावचे (जन्म 1861), त्यांची भजनं आजीला तोंडपाठ. शेजारच्या हरिपाठवाल्या काकूंशी तिचं ताल कुणाचा चुकतो यावरून वर्षानुवर्षं चाललेलं भांडण होतं.

कापणीच्या सणाला चर्चमध्ये भोपळे, कोंबड्या, तांदूळ अर्पण करतात, मग लिलाव होतो. आजी स्वतः दिलेल्या भोपळ्यावर स्वतःच बोली लावायची. समोरचा थांबला की हिचा आवाज वाढायचा. एकदा तो भोपळा कोंबडीपेक्षा महाग पडला. आजोबा आठवडाभर बोलले नाहीत. आम्ही आठवडाभर भोपळा खाल्ला. पैसे गरजूंच्या पेटीत गेले, भोपळा घरी आला, यात नुकसान कुठं, हा तिचा हिशेब.

नंदाखाल

माझी आजी प्रेमळ नव्हती, हेही नोंदवून ठेवते. ईस्टरआधीच्या उपवासकाळात रेडिओ कपाटात आणि किल्ली लुगड्याच्या गाठीला. आत्यानं समाजाबाहेर लग्न केलं तेव्हा आजी नऊ वर्षं तिच्याशी बोलली नाही. गावात मयत झालं की पहिली पेज हिच्या घरून जायची आणि स्वतःच्या लेकीसाठी दार बंद! मला ते अजूनही पटत नाही. पण दर हंगामात सुकेळ्यांची (सुकवलेल्या केळ्यांची) एक पुडी दूधवाल्याबरोबर आत्याकडे जायची. पुडीवर नाव नसायचं. आत्या म्हणते, गाठ ओळखीची असायची.

वसई, पुन्हा मी

नंदाखालच्या ताई, बरं झालं लिहिलंत. आमच्या आजीनंही एका चुलत्याला दारात उभं केलं नव्हतं. वर्षाच्या मिस्सेला तो आला होता. मागच्या बाकावर.

सावंतवाडीजवळून

मी हिंदू आहे, पण आजीसारखी म्हणावी ती शेजारची मांय. मे महिन्यात तिच्या दारच्या खुरसाकडे (क्रुसापाशी) लादाइन्य, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, व्हायची, उकडलेल्या चण्यांसाठी आम्ही पोरं पहिल्या रांगेत. चतुर्थी जवळ आली की तिच्या कुंपणावरची कवंडळं (रानफळं) ती कुणाला तोडू द्यायची नाही. वाडीतल्या पाच घरांच्या माटवीसाठी, गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीसाठी, राखलेली. "हात लावशात तर बगा! गणपतीची आसत ती," असं पाद्रींच्या भाच्यालासुद्धा सुनावलेलं.

नाताळात तिच्याकडून ताट यायचं: नेवऱ्या (करंज्या), दोदोल (गुळा-नारळाची मिठाई), वर क्रोशाचा रुमाल. ताट रिकामं परत करायचं नाही, म्हणून आई त्यात कधी साखर, कधी नवे तांदूळ घालायची. शेवटच्या नाताळात ताट आलं तेव्हा आईला ताप होता. उद्या देऊ, परवा देऊ करता करता मांय गेली. मुलं मुंबईला, घराला कुलूप. ताट आमच्या फळीवर आहे. आई दर रविवारी घासते आणि पुन्हा तिथंच ठेवते.