कार्यकारिणीत अल्पसंख्यांसाठी जागा राखून ठेवणे खरेच गरजेचे आहे का?

कोरी_पाटी

आमच्या संस्थेची घटना दुरुस्त करायची आहे आणि मसुदा माझ्याकडे आला आहे. काम सार्वजनिक, सभासद सगळ्या थरांतले, पण कार्यकारिणी वर्षानुवर्षे एकाच साच्यातली. धर्माने किंवा भाषेने अल्पसंख्य असलेले, अपंग, तृतीयपंथी असे सभासद आहेत; निवडून मात्र त्यांच्यातले कोणी येत नाही. त्यांच्यासाठी काही जागा राखून ठेवाव्यात अशी सूचना आली आणि बैठकीत दोन तट पडले.

विरोध करणारे वाईट लोक नाहीत. त्यांचे म्हणणे एवढेच, की निर्णय घेणारा न्यायबुद्धीचा असेल तर तो सगळ्यांचाच विचार करतो. मग तो स्वतः कोण आहे याने काय बिघडते? मला यावर पटण्यासारखे काही बोलता आले नाही. कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

मध्यममार्गी

राखीव जागांनी कटुता वाढते असे मला वाटते. सल्लागार समिती नेमा, त्या त्या गटांची मते मागवा आणि निर्णय कार्यकारिणीला घेऊ द्या. ऐकून घेणारे कान असले की पुरे.

सहा_ठिपके

मी जन्मापासून अंध आहे. चांगल्या माणसांनी माझ्या वतीने विचार करावा, अशाच व्यवस्थेत मी वाढले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडच्या निवडणूक नियमांनुसार अंध मतदाराला सोबती नेता येतो. सोबती त्याच्या वतीने मत देतो आणि ते गुप्त ठेवीन असे लिहून देतो. मी मतदार झाले तेव्हा माझा भाऊ यायचा. त्याच्याइतका सरळ माणूस मी पाहिलेला नाही. मी सांगितलेलेच बटण त्याने दाबले, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरीही माझे मत कोणाला गेले हे घरातल्या एकाला कायम ठाऊक असायचे, आणि त्याला न रुचणाऱ्या उमेदवाराचे नाव घेताना माझी जीभ अडखळायची. पुढे यंत्रावर बटणांशेजारी ब्रेल अंक आले. ते बोटांनी चाचपून मी एकटीने बटण दाबले, तेव्हा गुप्त मतदान म्हणजे काय ते मला पहिल्यांदा समजले. भाऊ आधीही प्रामाणिक होता आणि आजही आहे. त्याच्या प्रामाणिकपणाने मला जे कधीच मिळाले नसते, ते त्या ठिपक्यांनी दिले.

कोरी_पाटी, तुमच्या बैठकीतल्या मंडळींना हेच सांगा. त्यांच्या न्यायबुद्धीवर कोणी संशय घेत नाही. पण ज्या गोष्टीचा आपल्याला कधी त्रास झाला नाही, ती आपल्याला दिसतच नाही, आणि न दिसलेल्या गोष्टीबद्दल न्यायबुद्धी तरी काय करणार?

मध्यममार्गींनी मते मागवायला सांगितले आहे. एका कार्यालयाने एका नियमाच्या मसुद्यावर हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. मसुदा संकेतस्थळावर होता, मुदत रीतसर दिली होती. पण तो कागद स्कॅन करून टाकलेला, म्हणजे नुसते चित्र. माझ्या संगणकातला पडदावाचक अक्षरे वाचतो, चित्रातले शब्द त्याला कळत नाहीत. त्याला ती सगळी पाने कोरी. मसुदा सार्वजनिक सोयीसुविधांचा होता आणि त्यात अंधांसाठी तरतुदी होत्या! मी फोन केला तेव्हा पलीकडचा माणूस मनापासून हळहळला. ही अडचण त्याला खरोखरच माहीत नव्हती. तो कागद चढवायच्या आधी ज्या खोलीत फिरला, तिथे पडदावाचक वापरणारे एक माणूस असते तर अर्ध्या मिनिटात हे लक्षात आले असते. मत मागवले जाते ते सगळे ठरून गेल्यावर. प्रश्न कोणता, तो कोणत्या रूपात समोर येणार, विषयपत्रिकेवर काय चढणार आणि काय राहणार, हे आधीच आतल्या लोकांनी ठरवलेले असते.

जनगणनेचेच बघा. १९८१ च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न होता, १९९१ ला तो वगळला गेला. २००१ ला तो परत आला, पण त्यासाठी अपंगांच्या संघटनांना झगडावे लागले. मोजणी झाली आणि आकडा निघाला २ कोटींच्या वर. एवढी माणसे मधली दहा वर्षे सरकारी हिशेबात नव्हती, आणि हिशेबात नसलेल्यांसाठी पैसा कोण राखून ठेवणार?

उलट बाजूही सांगते. युगांडाच्या संसदेत अपंगांच्या प्रतिनिधींसाठी ५ जागा आहेत आणि खालच्या स्थानिक परिषदांतही त्यांना स्थान आहे. १९९६ मध्ये अ‍ॅलेक्स न्डीझी हे कर्णबधिर गृहस्थ तिथे खासदार झाले. न्यूझीलंडमध्ये २०११ साली मोजो मॅथर्स निवडून आल्या. त्यांनाही ऐकू येत नव्हते. सभागृहातले बोलणे समजण्यासाठी ते तिथल्या तिथे टंकून त्यांच्यापर्यंत पोहोचवावे लागणार होते. त्याचा खर्च कोणी करायचा यावर वाद झाला आणि शेवटी संसदेने तो उचलला. ऐकू न येणाऱ्या नागरिकांना संसदेचे कामकाज कसे कळत असेल, हा प्रश्न त्यांच्या आधीही होताच. त्या खुर्चीत येऊन बसल्या तेव्हा तो टाळता येईना.

कोरी_पाटी

मतदानाचे उदाहरण मी बैठकीत सांगणार आहे, तुमची हरकत नसेल तर. पण दोन आक्षेप हमखास येतील. एक, गुणवत्तेचे काय? दुसरा, एक व्यक्ती आपल्या सगळ्या समाजाच्या वतीने कशी बोलणार? त्यांच्यातही मतभेद असतीलच.

टाचण

पहिल्या आक्षेपावर मी लिहितो. अमेरिकेच्या सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन जागा आहेत. वायोमिंगची लोकसंख्या ६ लाखांच्या आत, कॅलिफोर्नियाची ४ कोटींच्या आसपास, आणि दोघांचे सिनेटर सारखेच. या व्यवस्थेवर टीका होते, पण वायोमिंगचा सिनेटर गुणवत्तेत कमी म्हणून आला असे कोणी म्हणत नाही. थोड्या लोकांचा आवाज बुडू नये म्हणून जागा राखणे ही जुनी, मान्य झालेली रीत आहे. ते थोडे लोक एका सीमारेषेच्या आत राहत असले की चालते. सगळीकडे विखुरलेले असले की लगेच गुणवत्ता आठवते.

दुसऱ्या आक्षेपासाठी आपल्या संविधान सभेची चर्चा वाचा. १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्यांच्या राखीव जागा ठेवायच्या की नाहीत यावर तिथे वाद झाला. बेगम ऐजाज रसूल स्वतः मुस्लिम, आणि त्या जागांना त्यांनीच ठाम विरोध केला: राखीव जागांमुळे अल्पसंख्य बहुसंख्यांपासून कायमचे तुटतील, असे त्यांचे म्हणणे. त्याच समाजातल्या इतर काही सदस्यांना त्या जागा हव्या होत्या. मला बेगम रसूल यांचा मुद्दा पूर्ण पटत नाही, पण तो देशाच्या इतिवृत्तात आहे, कारण त्या सभागृहात होत्या. समाजातला मतभेद सभागृहात ऐकू आला तो आतमध्ये एकाहून अधिक माणसे होती म्हणून.

विश्वासाचाही मुद्दा आहे. उत्तर आयर्लंडच्या जुन्या पोलीस दलात तिथले तेव्हाचे अल्पसंख्य, म्हणजे कॅथलिक, जेमतेम ८ टक्के होते. २००१ पासून दहा वर्षे निम्मी भरती कॅथलिकांमधून झाली आणि प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास गेले. जिथे आपले कोणीच नाही, त्या दलाकडे तक्रार घेऊन जायला माणूस धजत नाही.

सहा_ठिपके

उदाहरण जरूर सांगा, भावाचीही हरकत नाही.

टाचण यांनी 'एकाहून अधिक' म्हटले, त्यावर माझा फार भर आहे. एकटा प्रतिनिधी असला की त्याची प्रत्येक चूक त्याच्या साऱ्या समाजाच्या नावावर जमा होते. मी एका समितीवर होते, तिथे तोंड उघडले की सगळे माझ्याकडे 'अंधांचे म्हणणे' म्हणून वळायचे. हिशेबाच्या पत्रकात मला चूक सापडली तेव्हाही. दुसरी एक अपंग सदस्य आली, काही बाबतींत तिचे आणि माझे पटेना, आणि त्यानंतर कुठे माझे बोलणे माझे म्हणून ऐकले जाऊ लागले.

मसुद्यात स्वीकृत सदस्य हा मार्ग घेऊ नका, निदान मताधिकाराशिवाय तर नकोच. स्लोव्हेनियाच्या संसदेत इटालियन आणि हंगेरियन समाजांना एकेकच जागा आहे, पण केवळ त्यांच्या हक्कांशी संबंधित कायदा त्यांच्या प्रतिनिधींच्या संमतीवाचून होत नाही. म्हणून त्या एकेका जागेला वजन आहे. आणि संख्या घटनेत कायमची कोरून ठेवू नका. न्यूझीलंडमध्ये १८६७ साली तिथल्या मूळ रहिवाशांसाठी, म्हणजे माओरींसाठी, ४ जागा ठेवल्या, त्या तेव्हाही लोकसंख्येच्या मानाने कमी होत्या आणि शंभरहून अधिक वर्षे चारच राहिल्या. आता त्या ७ आहेत, कारण नंतर त्यांची सांगड मतदारसंख्येशी घातली गेली. तुम्हीही सभासदसंख्येशी जोडा आणि दर निवडणुकीआधी फेरआढावा ठेवा.

आणखी एक कलम घालाच: विषयपत्रिका आणि टिपणे बैठकीच्या पुरेशी आधी, वाचता येतील अशा मजकुराच्या स्वरूपात सगळ्यांना मिळतील. कार्यकारिणीत बसून ऐन वेळी दुसऱ्याकडून कागद वाचून घ्यावा लागला, तर निम्मी चर्चा तोवर झालेली असते. मसुदा तयार झाला की इथे टाका, मी वाचून देईन. फक्त स्कॅन करून टाकू नका.